पोलीस येईपर्यंत जागा गावाच्या हाती असते

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि हुक्केरी तालुक्यांतले ग्रामपंचायत सदस्य, पंच कमिट्या, युवक मंडळं आणि महिला मंडळं यांना,

सप्रेम नमस्कार.

मी बेळगावच्या कोर्टात फौजदारी वकिली करते. कधी आरोपीची बाजू मांडते, कधी फिर्यादीच्या घरच्यांना मदत करते. कुठल्याही बाजूला उभी असले तरी एक गोष्ट सारखी समोर येते. बरेच खटले कोर्टाची पायरी चढण्याआधीच, गुन्ह्याच्या जागेवरच्या पहिल्या तासाभरात अर्धे संपलेले असतात. त्या तासाभरात तिथं पोलीस नसतात, गाव असतं. ११२ ला फोन लागला तरी जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात गाडी पोचायला वेळ जातो. तोवर काय हलवायचं, काय झाकायचं, कुणाला आत सोडायचं हे तुम्हीच ठरवता. म्हणून हे पत्र पोलिसांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

सगळ्यात आधी हे सांगते, की माणसात धुगधुगी असेल तर पुरावा गेला खड्ड्यात. फास लागलेला असो, औषध पिलेलं असो की घाव बसलेला असो, आधी जीव वाचवा. डॉक्टर आणि कोर्ट दोघंही हे समजून घेतात. पुढचं सगळं त्यानंतरचं.

फ्रान्सच्या लियों शहरात एदमों लोकार नावाच्या माणसाने १९१० मध्ये पोटमाळ्यावरच्या दोन खोल्यांत पोलिसांसाठी प्रयोगशाळा थाटली. गुन्हेतपासाचं आजचं शास्त्र ज्या एका विचारावर उभं आहे तो त्याचाच. दोन गोष्टींचा एकमेकींना स्पर्श झाला की हिचं काहीतरी तिला लागतं आणि तिचं काहीतरी हिला. आपल्याकडे हे समजायला मातीच पुरे. खानापूरच्या जंगलपट्ट्यातली माती तांबडी, अथणी-गोकाककडची काळी. तांबड्या मातीच्या शेतवाटेवर गुन्हा झाला आणि संशयित म्हणतो की मी महिनाभर तिकडे फिरकलोच नाही, तर त्याच्या चपलेच्या खाचेत अडकलेली माती प्रयोगशाळेत तपासता येते. रंग, कणांचा आकार, त्यातली खनिजं, परागकण, सगळं जागेवरच्या नमुन्याशी ताडून बघतात. पण हाच नियम बघ्यांनाही लागू होतो. शंभर माणसं त्या वाटेवरून गेली की शंभर चपलांची माती, केस, थुंकी आणि विड्यांची थोटकं तिथं पडतात. गुन्हेगाराची एक खूण त्या शंभरांत बुडून जाते. श्वानपथक आणलं तर त्या कुत्र्याने कुणाचा वास धरायचा?

तेव्हा पहिलं काम माणसं मागे सारण्याचं. सुतळी बांधा, दोरखंड बांधा, काहीच नसेल तर युवक मंडळाची चार पोरं चार कोपऱ्यांवर उभी करा. मृतदेह जिथं आहे तिथूनच दोरी धरू नका. माणूस आला कुठून आणि गेला कुठून तो बांध, ती सरी, ती गाडीवाटही आत घ्या, कारण पावलांचे ठसे, टायरच्या खुणा आणि फेकलेलं हत्यार बहुतेक त्याच वाटेवर सापडतं. आत जाणं भाग असेल तर एकानेच जावं, एकाच वाटेने जावं आणि त्याच वाटेने परत यावं. कोण आत गेलं, किती वाजता गेलं, काय हलवलं हे कागदावर टिपून पीएसआय आल्यावर सांगावं. हलवलं असेल तर ते लपवू नका. हलवलेली वस्तू तशी सांगितली तर तपास सावरता येतो. उचललेली वस्तू गुपचूप जागेवर ठेवून दिली तर सगळा तपास चुकीच्या दिशेला जातो.

चिखलात पाऊल उमटलेलं दिसलं आणि वर आभाळ भरून आलं असेल, तर त्यावर घमेलं पालथं घाला आणि भोवती चार दगड ठेवा. एवढ्याने तो ठसा वाचतो. मग तपास पथक आधी बाजूला पट्टी ठेवून त्याचा फोटो घेतं आणि प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचा काढतं. चपलेच्या तळाची झीज, एखादा कापलेला कोपरा, रुतून बसलेला खिळा हे सगळं त्या साच्यात उतरतं. एकाच कंपनीच्या, एकाच नंबरच्या दोन चपलासुद्धा वेगवेगळ्या पायांत वेगवेगळ्या झिजतात.

आता जे करताना गावाचा हेतू अगदी चांगला असतो, त्याविषयी. आपल्याकडे मृतदेह वेडावाकडा पडलेला बघवत नाही. कुणीतरी हातपाय सरळ करतं, कुणी घरातली चादर आणून अंगावर टाकतं, कुणी तोंडावरचं रक्त पुसतं. यामागची माया मला कळते. पण मृत्यूनंतर शरीरात काय होतं तेही बघा. रक्ताचं वाहणं थांबलं की ते खालच्या बाजूला साकळतं आणि तिथल्या कातडीवर जांभळट डाग उमटू लागतात. अर्ध्या तासापासून काही तासांत ते दिसतात आणि साधारण सहा ते बारा तासांत पक्के होतात. डाग छातीवर पक्के झाले आहेत आणि मृतदेह मात्र उताणा आहे, तर डॉक्टर लगेच ओळखतात की याला नंतर कुणीतरी पालथ्याचा उताणा केलाय. ते खुन्याने केलं की मायेपोटी गावकऱ्याने, हे डाग सांगू शकत नाहीत. घरातल्या चादरीचे धागे, त्यावरचे केस, मांजराची लव हे सगळं मृतदेहाला चिकटतं ते वेगळंच. लाज राखायची असेल तर चार बायकांनी चार हात अंतरावर साड्या धरून आडोसा करावा. अंगावर काही टाकू नये.

फास घेतलेल्या माणसाबाबत एकच सांगते, गाठ सोडू नका. जीव असण्याची शक्यता वाटली तर अंगाला आधार देऊन दोर कापा, पण गाठीपासून लांब कापा. गाठ कशी बांधली आहे, कुठल्या बाजूला आली आहे, गळ्यावरचा वळ तिरका वर चढलाय की आडवा सगळीकडून सारखा गेलाय, यावरून गळफास की गळा आवळणं याचा अंदाज बांधला जातो. सोडलेली गाठ पुन्हा तशीच बांधता येत नाही. सासरी गेलेल्या मुलीचा मृतदेह घरच्यांनी घाईघाईने खाली काढून, गाठ सोडून, दोर न्हाणीघरात टाकल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत. त्या मुलीच्या आईवडिलांना उरलेलं आयुष्य एका उत्तराची वाट बघत काढावं लागतं.

आपल्या शेतकरी भागात औषध पिण्याची प्रकरणंही बरीच. डबा किंवा बाटली लेबलासकट, बूच घट्ट लावून, दवाखान्यात सोबत न्या. त्याने आधी उपचाराला मदत होते, कारण कुठलं विष आहे हे कळलं की डॉक्टरांना वेळ दवडावा लागत नाही. ओकारी पडलेला कपडा, पेला, तांब्या धुऊ नका. माणूस दगावला तर पोस्टमॉर्टेममध्ये पोट, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग काढून बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. हाच तो व्हिसेरा. त्यासोबत नुसत्या द्रावणाचाही नमुना प्रयोगशाळेकडे जातो, म्हणजे विष मिठातूनच आलं असं उद्या कुणी म्हणायला नको. इतकी काळजी तिकडे घेतली जाते आणि इकडे घरात तांब्या घासून फळीवर ठेवलेला असतो.

विहिरीत कुणी सापडलं की गाव लगोलग विहीर उपसायला आणि ब्लिचिंग पावडर टाकायला निघतं. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असतो, मान्य. पण आधी पोलिसांना पाण्याचा नमुना घेऊ द्या. पाण्यात डायटम नावाचं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं, त्याला काचेसारखं टणक कवच असतं. जिवंत माणूस बुडताना श्वासाबरोबर पाणी आत घेतो आणि चालू असलेलं हृदय हे डायटम रक्तातून हाडाच्या मज्जेपर्यंत पोचवतं. मेल्यावर पाण्यात टाकलेल्या माणसाच्या मज्जेत ते सहसा पोचत नाहीत. मज्जेतले डायटम त्याच विहिरीच्या पाण्याशी जुळवून बघायचे असतात. एकट्या या चाचणीवर खटल्याचा निकाल लागत नाही, पण बाकीच्या पुराव्याला ती मोठा आधार देते. उपसलेल्या विहिरीतून तो नमुना कुठून आणायचा?

रक्त लागलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत कधीच कोंबू नका. ओलाव्यात बुरशी आणि जंतू वाढतात आणि डीएनए खराब होतो. असा कपडा सावलीत वाळवून कागदात बांधायचा असतो, आणि ते काम पोलिसांचं. अत्याचाराच्या प्रकरणात मुलीचे अंगावरचे कपडे आई धुवायला काढते, तेव्हा शेजारच्या बाईने तरी तिला थांबवावं, कपडे कागदी पिशवीत ठेवावेत आणि आंघोळीआधी मुलीला दवाखान्यात न्यावं. सरकारी असो की खासगी, कुठल्याही हॉस्पिटलला तिच्यावर मोफत उपचार करावेच लागतात आणि तपासणी तिच्या संमतीनेच होते. आंघोळ झाली असेल, दोन दिवस उलटले असतील, तरीही न्या. पुरावा कमी मिळेल, मिळणारच नाही असं नाही. जळालेल्या माणसाच्या कपड्यांचं मात्र उलटं आहे. रॉकेल-पेट्रोलची वाफ उडून जाते म्हणून ते कपडे हवाबंद डब्यात जायला हवेत, कागदात नव्हे.

घरफोडी झाली की बाई आधी कपाट आवरते. सांडलेल्या साड्या, उघडी खणं तिला बघवत नाहीत. पण बोटांचे ठसे उमटतात ते कपाटाच्या रंगवलेल्या पत्र्यावर, काचेवर, स्टीलच्या डब्यावर, आणि नेमकं तेच पुसलं जातं. रुमालाने धरून उचललं तरी ठसा फिसकटतोच. बोटांच्या ठशांवरून माणूस शोधण्याची विद्या आपल्याच देशात रुजली. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचं कार्यालय सुरू झालं आणि ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. नाव मात्र त्यांच्या गोऱ्या साहेबाचं, हेन्रीचं, लागलं.

मोबाईलचं काय, हे पोरं विचारतीलच. मृतदेहाचे, जखमांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. मुलीवर अत्याचार झाला असेल तर तिची ओळख उघड होईल असं काहीही पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पोलीस यायच्या आधी पाऊस येणार असेल, गर्दी आवरत नसेल, तर एकाने लांबून, जवळून, चारी बाजूंनी फोटो घ्यावेत आणि मूळ फाईल फोनमध्ये तशीच ठेवावी. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या फोटोतून कधी, कुठल्या फोनने काढला ही आतली माहिती गळून जाते. आणि दूध डेअरी, पतसंस्था, किराणा दुकान यांच्यासमोर कॅमेरा असेल तर मालकाला लगेच गाठा. चित्रण साठवणारा डीव्हीआर भरला की जुन्या चित्रणावर नवं चढतं. तपास पंधरा दिवसांनी डेअरीपर्यंत पोचतो, तेव्हा त्या रात्रीचं काही उरलेलं नसतं.

आपल्या भागात आणखी एक अडचण येते ती हद्दीची. ओढ्याच्या अल्याड कर्नाटक, पल्याड चंदगड किंवा कागल. हद्द कुणाची यावर वाद घालत दोन्हीकडची माणसं उभी असतात आणि मधे मृतदेह. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही पोलीस स्टेशनला फिर्याद नोंदवून घ्यावीच लागते. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. ती योग्य ठाण्याकडे पाठवणं पुढचं काम, आणि ते पोलिसांचं.

आता ज्यासाठी मी मुळात लिहायला बसले ती गोष्ट. पोलीस येतात, जागा बघतात, वस्तू जप्त करतात आणि गावातल्या दोघांना पंच म्हणून बोलावतात. पंचनामा लिहिला जातो. इकडे त्याला महजर म्हणतात. तो कन्नडमध्ये लिहिलेला असतो. आपला पंच मराठी शाळेत शिकलेला, कन्नड बोलता थोडंफार येतं, वाचता येत नाही. साहेब म्हणतात इथं सही करा, तो करतो. वस्तू कागदात बांधतात, लाखेचा शिक्का मारतात, चिठ्ठीवरही त्याची सही घेतात. मग दोन-तीन वर्षांनी तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि समोरचा वकील शांतपणे विचारतो: हा कागद कुठल्या भाषेत आहे? तुम्हाला ती वाचता येते का? सही करण्याआधी कुणी तुम्हाला तो वाचून दाखवला? काका खरं बोलतात. नाही म्हणतात. सही घ्यायला आले म्हणून केली, म्हणतात. त्या दोन वाक्यांत उसाच्या फडातून काढलेला कोयता, त्यावरचं रक्त, प्रयोगशाळेचा अहवाल, सगळ्यावर संशयाचं सावट येतं. वर सरकारी वकील काकांनाच फितूर साक्षीदार ठरवायला निघतात. कधी आरोपी खरोखर निर्दोष असतो आणि न वाचलेल्या कागदावरची हीच सही त्याच्या गळ्याशी येते. दोन्हीकडून अन्याय होतो, आणि दोन्ही वेळा सही आपल्याच माणसाची असते.

कोयत्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण आरोपीने सांगितल्यावरून एखादी लपवलेली वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी थेट जोडलेलं तेवढंच बोलणं पुराव्यात येतं. ते बोलणं खरंच झालं का, तो आपण होऊन जागा दाखवायला गेला का, वस्तू आधीच तिथं काढून ठेवलेली नव्हती ना, हे सांगणारं पोलिसांखेरीज दुसरं कोण असतं? पंच असतो.

कन्नडविषयी माझी तक्रार नाही. राज्याच्या कारभाराची भाषा ती आहे आणि बहुतेक अधिकारी मराठीत बोलायलाही तयार असतात. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर आपल्या पंचाने न समजता सह्या करत राहायचं हे मला मान्य नाही. यावर आजच्या कायद्यात वाट आहे. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्ती, त्यातल्या वस्तूंची यादी करणं आणि त्यावर साक्षीदारांच्या सह्या होणं, या सगळ्याचं आवाजासकट चित्रीकरण झालंच पाहिजे, आणि ते मोबाईलवर करता येतं. ती नोंद पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाते. मग पंचाने कॅमेरा चालू असतानाच म्हणावं, साहेब, काय लिहिलंय ते मराठीत वाचून दाखवा. साहेबांना जमत नसेल तर दोन्ही भाषा येणारा शिक्षक, ग्रामपंचायतीतला कर्मचारी, शेजारी, कुणीही वाचून दाखवावं आणि त्याचंही नाव कागदावर यावं. ऐकून पटलं तर सहीच्या वर आपल्या हाताने मराठीत लिहावं, ‘मजकूर मराठीत वाचून दाखवला, समजला’, आणि खाली तारीख, वेळ घालावी. पाहिलेलं आणि लिहिलेलं जुळत नसेल तर सहीच्या आधी दुरुस्ती मागावी. अशी मागणी करण्यात उद्धटपणा नाही आणि गुन्हाही नाही. मात्र लेखी बोलावणं आल्यावर विनाकारण पंच व्हायला नकार देणं कायद्याला मान्य नाही, म्हणून कोर्टाच्या खेपा नकोत असं म्हणून पळ काढू नका. भले लोक मागे सरले की ठरावीक दोन-चार माणसंच प्रत्येक पंचनाम्यात पंच म्हणून दिसू लागतात. कोर्टाला ते लगेच ओळखू येतं.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. पोलीस तुमचा साक्षीदार म्हणून जबाब लिहून घेतात, त्या जबाबावर तुमची सही घेता येत नाही, त्याच संहितेचं कलम १८१ तसं स्पष्ट सांगतं. सही पंचनाम्यावर असते. आणि कोऱ्या कागदावर तर कुणीही, कितीही ओळखीचा असो, सही मागितली तरी द्यायची नाही. घरी आल्यावर वहीत लिहून ठेवा: कुठं गेलो, कोण होतं, कुठल्या झाडाखालून काय काढलं, कशात बांधलं, शिक्का कसला होता. कोर्टात साक्ष देताना त्याच वेळच्या अशा टिपणावरून आठवण ताजी करून घेता येते.

सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने जागेवर यावं, अशी तरतूद त्याच संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. राज्यांना ती पाच वर्षांच्या आत लागू करायची आहे. बेळगावात विभागीय प्रयोगशाळाही आहे. मोठा गुन्हा असेल तर फोनवरच विचारा, तज्ज्ञांचं पथक येणार आहे का? येणार असेल तर ते पोचेपर्यंत दोरी सोडू नका, मग आमदार आले तरी त्यांनाही दोरीबाहेरूनच बघू द्या.

माझी विनंती एवढीच. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. प्रत्येक वॉर्डातून मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता येणारी दोन-तीन नावं, त्यात बायकाही, ग्रामपंचायतीच्या वहीत लिहून ठेवा आणि त्या यादीची एक प्रत आपल्या पोलीस स्टेशनला द्या. पंचायतीच्या कपाटात एक दोरखंड, कागदी पिशव्या, मोजपट्टी आणि टॉर्च ठेवा. ज्या गावाला हे सगळं बसून मराठीत समजून घ्यायचं असेल त्यांनी कळवावं, मी येईन. रविवार असेल तर बरं, इतर दिवशी कोर्ट सुटल्यावर. महिला मंडळाने वेगळं बोलावलं तर वेगळी येईन, कारण कपडे न धुण्याची आणि गाठ न सोडण्याची गोष्ट त्यांच्याशी निवांत बोलायची आहे.

आपली,
एक वकील, बेळगाव